शांत, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक!

संध्याकाळचे सात वाजले असतील. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली. दार उघडलं तर माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि तिच्यामागे तिची आई. आईच्या हातात स्टीलचा डबा. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. ‘‘मॅडम, हिला तुमचं एक सर्टिफिकेट पायजे,’’ आईने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

‘‘सर्टिफिकेट नाही गं आई, रेफरन्स!’’ मुलगी अगदी कानकोंडी झाली.

ही 2022 सालची गोष्ट. आम्ही 2001 पासून कामोठ्यात राहतो. मानसरोवर स्टेशनवर उतरलं की रिक्षाची रांग, त्यातल्याच एका रिक्षावर या मुलीचे वडील. घर गावठाणात. आमच्यासारखी माणसं सिडकोच्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेऊन आली. ही माणसं मूळची इथली, आगरी. शेतं गेली, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यांचे पैसे भावाभावांत वाटले गेले आणि एकेका घरात एकेक रिक्षा उरली. या घरातली बीएस्सी झालेली ही पहिलीच मुलगी. आणि आता तिला इंग्लंडला जाऊन एमएस्सी करायची होती!

आईचा ‘सर्टिफिकेट’ हा शब्द मला हसण्यावारी नेता आला नाही. कारण मीही कितीतरी वर्षं तेच समजत होते.

आपल्याकडे शिक्षकाने विद्यार्थ्याबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या म्हणजे चारित्र्याचा दाखला. त्याचा छापील नमुना ऑफिसात तयार असतो. सदर विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात अमुक ते अमुक या काळात शिकत होती, माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. खाली सही, गोल शिक्का. संपलं! यात आपली चूक आहे असंही नाही. आपल्याकडे प्रवेश मार्कांवर मिळतो. बारावीचे टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल, मेरिट लिस्ट, कॅप राउंड. शिक्षिकेला काय वाटतं हे तिथे कोण विचारतो? बाहेरच्या देशातली बरीच विद्यापीठं मात्र मार्कांच्या जोडीला हेच विचारतात, की ही मुलगी तुम्ही जवळून पाहिली आहे, तर सांगा, ती कशी शिकते? आणि आम्ही काय पाठवतो? चारित्र्याचा दाखला.

आता माझी एक चूक सांगते. ती बरीच वर्षं मनात आहे.

2008 साली माझ्या वर्गातल्या तीन मैत्रिणींनी परदेशी अर्ज करायचे ठरवले. परीक्षेचे दिवस होते, टेबलावर पेपरांचा ढीग. एकीने दारातून विचारलं, ‘‘मॅडम, रेफरन्स लेटर द्याल?’’ मी मान वर न करता म्हटलं, ‘‘तूच लिहून आण गं, मी सही करते.’’ असं म्हणणाऱ्या शिक्षिका तुम्हालाही माहीत असतील. कदाचित तुम्हीच असाल! तिघींनी कुठून तरी एकच नमुना मिळवला, नावं बदलली, मी तिन्हींवर सह्या ठोकल्या. वाचलंसुद्धा नाही. तिघींचे अर्ज एकाच विद्यापीठात गेले. त्यातल्या सर्वांत हुशार मुलीला तिकडून मेल आला, की तुमचं आणि आणखी दोन अर्जदारांचं पत्र शब्दशः सारखं कसं? ती बिचारी इतकी शरमली की तिने उत्तरच दिलं नाही. अर्ज तिथेच मेला. मला हे कळलं सहा-सात वर्षांनी, एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. ती हसत सांगत होती. माझ्या घशाखाली पुढे घास उतरला नाही.

तिचं वाईट झालं नाही. इथेच एमएस्सी केलं, आता शिकवते. पण ती जी दारातून आत येऊन काही मागत होती, ते मी दिलं नाही एवढं खरं.

घरी येऊन मी जुन्या पत्रांच्या प्रती काढल्या. तोवर मी स्वतः लिहिलेली अशी वीसेक पत्रं तरी असतील. एकापाठोपाठ एक वाचली आणि मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. मुलांच्या पत्रात मी लिहिलं होतं, तल्लख आहे, प्रश्न विचारतो, स्वतंत्र विचार करतो. आणि मुलींच्या पत्रात? शांत, मनमिळाऊ, कष्टाळू, आज्ञाधारक! एकीबद्दल तर चक्क लिहिलं होतं, की ती नेहमी हसतमुख असते. अहो, रसायनशास्त्राच्या प्रवेशाशी हसतमुखाचा काय संबंध? स्थळासाठी बायोडेटा लिहावा तसं मी लिहीत होते. मी, स्वतः बाई असून, स्वतः या विषयात आयुष्य घालवून!

नंतर वाचनात आलं की हे माझ्या एकटीचं पाप नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेन्का या दोघींनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं त्यांनी तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती, आणि पुरुषांच्या संशोधनाबद्दल जेवढं लिहिलं होतं तेवढं स्त्रियांच्या संशोधनाबद्दल नव्हतं. लिहिणाऱ्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ती सगळी शिफारसच करत होती.

आपल्याकडचा ‘आज्ञाधारक’ हा शब्द तर विशेष घातक. आपण तो कौतुकाने लिहितो. तिकडचा प्राध्यापक वाचतो तेव्हा त्याला वाटतं, हिला सांगितलं तेवढंच करता येतं, स्वतःचं काही सुचत नाही. संशोधनाला अशी मुलगी कोण घेईल?

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे येते. आई सोफ्याच्या कडेला टेकली होती, मुलगी मोबाइलवर विद्यापीठाचं पान दाखवत होती. दोन रेफरन्स हवेत, शेवटची तारीख पाच आठवड्यांनी. मी विचारलं, ‘‘प्राचार्यांकडून का घेत नाहीस? मोठं पद आहे.’’ खरं तर मला तिची परीक्षा घ्यायची होती. ती म्हणाली, ‘‘सर मला ओळखत नाहीत, मॅडम.’’

बरोबर बोलली! आईवडिलांचा नेमका इथेच घोळ होतो. मोठ्या माणसाची सही आणा, नगरसेवकाचं पत्र आणा, नात्यातले कुणी इन्स्पेक्टर असतील तर त्यांचं आणा. यातलं काही चालत नाही. ज्याने मुलीला शिकताना पाहिलं आहे त्याचं पत्र लागतं, मग तो साधा अर्ध्या पगारावरचा लेक्चरर का असेना. नातेवाइकाचं तर मुळीच नको, जरी ती मामी त्याच कॉलेजात शिकवत असली तरी.

मला अशा वेळी केळुसकर गुरुजी आठवतात. कृष्णाजी अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. तिथेच एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन येताना त्यांना दिसे. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, एल्फिन्स्टनचा होता. त्यांनी आपणहून चौकशी केली. तो भीमराव आंबेडकर. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैशांअभावी त्याचं कॉलेज अडायची वेळ आली, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्याचा विषय नेला तो याच गुरुजींनी. महाराजांनी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1916 मध्ये तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाताना त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. बाबासाहेबांची बुद्धी कुणाच्या पत्रावर अवलंबून नव्हती हे सांगायला नकोच. पण बागेत वाचणारा मुलगा हजारो लोकांनी पाहिला असेल. बोलले एकटे गुरुजी. आणि ते काही फार मोठ्या पदावर नव्हते.

तर मी त्या मुलीला म्हटलं, लिहीन. पण चार गोष्टी आणून दे. मार्कशीट्स, तू लिहिलेलं उद्दिष्टाचं पत्र, त्या अभ्यासक्रमात काय शिकवतात त्याची माहिती, आणि एका कागदावर तुला आठवतील ते प्रसंग, आपल्या लॅबमधले. ती चकित झाली. ‘‘प्रसंग म्हणजे?’’ म्हटलं, काहीही. तू चुकलीस ते पण.

रात्री जेवणं आवरून मी लॅपटॉप उघडला. पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक! इतकं सगळं कळूनही बोटं त्याच वाटेने गेली. खोडलं. मग बसून राहिले. या मुलीचं मला नेमकं काय आठवतं? टक्के तर मार्कशीटवर आहेतच, ते पुन्हा लिहून काय उपयोग.

आणि ब्युरेट आठवलं.

तिचं तिसरं वर्ष. प्रॅक्टिकलला टायट्रेशन होतं. ज्यांनी विज्ञान घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी सांगते, उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण खालच्या चंबूत सोडायचं, रंग बदलला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. तीनदा करायचं, आकडे जुळायला हवेत. मुलं काय करतात? पहिला आकडा 9.8 आला की पुढचे दोन 9.8 लिहून मोकळी होतात. शिक्षकांनाही ठाऊक असतं. तीन वाजता लॅब सुटते, लोकल पकडायची असते. हिच्या जर्नलमध्ये मात्र 9.8, 10.3, 10.1 असं होतं. मी म्हटलं, ‘‘पुन्हा कर.’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, चारदा केलं. मी बरोबर करतेय. ब्युरेट बघू का?’’ सगळ्या मुली निघून गेल्या. हिने ब्युरेट काठोकाठ भरलं, हात न लावता दहा मिनिटं समोर नुसती बसून राहिली. पातळी दोन रेघा खाली आली. तोटी गळत होती! मग लॅबच्या मामांकडून व्हॅसलीन मागून तिने तोटी पुसून-लावून बसवली आणि पुन्हा तीन रीडिंग्ज घेतली. जुळली. तिने जर्नलमध्ये आधीचे चुकीचे आकडेही तसेच ठेवले आणि बाजूला कारण लिहिलं.

गंमत म्हणजे तेच ब्युरेट किती दिवस गळत होतं कुणास ठाऊक. त्यावर आधीच्या बॅचेसची रीडिंग्ज मात्र कशी छान जुळलेली होती!

हे मी लिहिलं. दीड परिच्छेद फक्त ब्युरेटचा. ‘प्रामाणिक’ हा शब्द कुठेच लिहिला नाही. गरजच उरली नाही.

मग आला अवघड भाग. बीएस्सीनंतर मधली तीन वर्षं. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ही तळोज्याच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये लागली, शिफ्टची नोकरी. तिने स्वतःच्या पत्रात यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणाली, ‘‘रडगाणं वाटेल, मॅडम.’’ हे आपल्या मुलींचं नेहमीचं. घरासाठी जे केलं ते सांगायची लाज वाटते आणि मग कागदावर तीन वर्षं कोरी दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही काय करत होती? मी तिला म्हटलं, तू लिहू नकोस, मी लिहिते, पण तुझी आणि आईबाबांची परवानगी असेल तरच. घरचं आजारपण न विचारता चव्हाट्यावर मांडायचा आपल्याला अधिकार नाही. परवानगी मिळाली. मी दोनच वाक्यं लिहिली. वडिलांच्या आजारपणात घर चालवायला ती नोकरी करत होती, आणि ती नोकरी प्रयोगशाळेतली होती. बस. दयेचा सूर येऊ दिला नाही.

बारावीनंतर इंग्लंडला पदवीसाठी जाणाऱ्यांचे अर्ज यूकॅस नावाच्या एका संस्थेमार्फत जातात. तिथे 2024 च्या प्रवेशांपासून शिक्षकाच्या एकसलग पत्राऐवजी तीन ठरावीक भाग केले आहेत, आणि त्यातला एक भाग अशाच अडचणींसाठी आहे, ज्यांचा मुलाच्या परीक्षेवर परिणाम झाला असेल. म्हणजे त्यांना हे ऐकायचं असतं. आपणच सांगत नाही.

ज्या आया हे वाचत असतील त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. पत्र हातात मिळत नाही. शिक्षिकेच्या ईमेलवर लिंक येते, ती तिथेच लिहून पाठवते. बऱ्याच ठिकाणी कॉलेजचाच ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. आपल्याकडच्या कित्येक शिक्षकांना कॉलेजचा ईमेल आहे हेच माहीत नसतं, पासवर्ड तर दूरच. तेव्हा मुलीने महिनाभर आधी विचारावं, आणि आठवड्याने न लाजता आठवण करावी. अमेरिकेच्या अर्जात एक प्रश्न असतो, की हे पत्र पाहण्याचा हक्क तू सोडतेस का? घाबरू नये. बहुतेक मुलं सोडतात, कारण न दाखवता लिहिलेल्या पत्रावर तिकडे जास्त विश्वास ठेवतात. आणि लग्न झालेल्या मुलींनो, पासपोर्टवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं, असं असेल तर शिक्षिकेला आधी सांगा. पत्रात अर्जावरचंच नाव हवं. माझी एक विद्यार्थिनी यापायी दोन आठवडे मेलामेली करत बसली होती.

शिक्षिकांना एकच सांगते. चांगलं लिहिता येत नसेल तर नाही म्हणा. एका मुलाला मी म्हटलं होतं, बाबा रे, तू माझ्या तासाला फार बसला नाहीस, मी लिहिलं तर कोरडं होईल, दुसऱ्या सरांकडे जा. तो रागावला. पण त्या सरांनी त्याच्या प्रोजेक्टबद्दल भरभरून लिहिलं.

बारा-पंधरा वर्षांच्या संसारानंतर पुन्हा शिकायला निघालेल्या मैत्रिणी विचारतात, आम्हाला ओळखणारी शिक्षिका आता कुठून आणायची? ऑफिसातल्या वरिष्ठांचं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. आणि काहीच नसेल तर आनंदीबाई जोशी आठवा. त्यांच्याकडे कुठल्या कॉलेजचं प्रशस्तिपत्र असणार? 1883 च्या जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला स्वतःच पत्र लिहिलं. वय अठरा. आपलं शिक्षण तुमच्या अटींत पूर्ण बसणार नाही हे त्यांनी लपवलं नाही. घरच्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तो निश्चय जमेस धरा, आणि माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून मला हे शिकायचं आहे, अशा अर्थाचं ते पत्र आहे. शांत, मनमिळाऊ वगैरे त्यात काही नाही. प्रवेश मिळाला, आणि मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आमच्या मुलीचं काय झालं? तीन ठिकाणी अर्ज केले होते. दोन नकार आले. तिसऱ्याने घेतलं. माझ्या पत्रामुळेच घेतलं असं मी म्हणणार नाही, कोण कशामुळे घेतं ते कुणी सांगत नाही. पुढे फीची जुळवाजुळव, शैक्षणिक कर्ज, गावठाणातल्या घराची कागदपत्रं, तो एक वेगळाच लेख होईल!

निघायच्या आदल्या दिवशी मायलेकी पेढे घेऊन आल्या. मुलगी खाली रिक्षात बसलेल्या वडिलांना औषधाची वेळ झाली म्हणून पाणी द्यायला गेली आणि आई हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, आमाला इंग्रजी नाय समजत. तुमी पोरीचं काय लिवलंत, ते मराठीत सांगा ना.’’

काम झालं होतं. सांगायला आता हरकत नव्हती. मी ब्युरेटची गोष्ट सांगितली. गळकी तोटी, दहा मिनिटं नुसतं बघत बसणं, खोडून न टाकलेले आकडे. आई लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिने कपाळाला हात लावला.

‘‘अगं बाई! ती घरात पण तशीच हाय. रेशनवाल्याला दोनदा वजन करायला लावते. मी तिला वरडायची, गप बस म्हणून.’’